गेटचे डोळे पुसणारा माणूस

फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. योगिता वेवजीतल्या घराच्या अंगणात स्कूटीच्या सीटवरचं दव पुसत होती. स्क्रीनवर पीयूषशेटचं नाव दिसलं आणि तिनं कपाळाला हात लावला. चिखल्याचं गेट पुन्हा रुसलं असणार.

“बोला शेट. गेटचे डोळे पुसले का?”

“योगिता, तू लगेच ये.” पीयूषचा आवाज कापत होता. “आपला काळ्या गेटात चेंगरला.”

“म्हणजे? लागलं का मामाला?”

“गेला तो,” पीयूष म्हणाला.

दोन हजार अठरा साल. दिवाळीच्या तोंडावरचा रविवार, वाघबारशीचा दिवस. योगितानं स्कूटी कशी काढली आणि घोलवड कधी मागं टाकलं, ते तिला पुढं कधीच आठवलं नाही.

आता ही योगिता कोण, ते आधी सांगायला हवं. बोर्डीपासून डहाणूपर्यंत किनाऱ्यानं जा. चिकूच्या वाड्या, वाड्यांत बंगले, आणि बंगल्यांना हल्ली बटणावर सरकणारी गेटं. मुंबईच्या पाहुण्यांना गाडीतून न उतरता आत यायचं असतं ना! पण समुद्राला त्याचं काय? खारी हवा लोखंड खाते, रुळात वाळू बसते, मोटरच्या पेटीत पाली संसार थाटतात. मग फोन जातो योगिताला. वारली पाड्यावरची पोर, आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालेली. पहिल्यांदा लोक हसले. आता तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला वाढवलं काळ्यामामानं आणि जमनामामीनं. मामा चिखल्याला गोविंदरावांच्या, म्हणजे पीयूषच्या वडिलांच्या, वाडीत चाळीस वर्षं राखणीला होता. चिकूची कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हातही डावा, कारण माणूस डावखुरा. उजव्या कानानं जरा बहिरा. आणि भाचीचं कौतुक सांगायला लागला की समोरचा कंटाळला तरी हा थांबायचा नाही.

अकरा दिवसांपूर्वी योगितानंच ते गेट दुरुस्त केलं होतं. चाकं बदलली, रूळ घासून ग्रीस भरलं. आधी करवतीसारखं किंचाळणारं गेट आता आवाज न करता सरकू लागलं. तेव्हा गोविंदरावांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली होती.

एक दुखणं मात्र राहिलं होतं. गेटच्या दोन खांबांवर समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीवर, दोन काचेचे सेन्सर होते. मामा त्यांना गेटचे डोळे म्हणायचा. मध्ये माणूस आला, कुत्रं आलं, की डोळ्यांना दिसतं आणि गेट थांबतं. पण पहाटे दव पडतं, दवात मीठ असतं, काचेवर साय धरते. मग डोळ्यांना वाटतं, मध्ये कुणीतरी उभं आहे. गेट बंद व्हायचं नावच घेत नाही. दोष मोटरचा की डोळ्यांचा, ते बघायला योगितानं वायरचा तुकडा पेटीतल्या दोन स्क्रूंना जोडला आणि डोळे तेवढ्यापुरते बाजूला काढले. गेट झटकन बंद झालं. दोष डोळ्यांचाच होता. तेव्हा मामा पेटीचं झाकण धरून उभा होता, आणि पीयूष शेजारी फोनवर बोलत होता.

“वायर लावली की आंधळं होऊन चालतं होय?” मामानं विचारलं होतं.

“चालतं. पण तसं कधी ठेवायचं नसतं, मामा. जड गेट आहे, जोर मोठा ठेवावा लागलाय. डोळेच याचा आधार. रोज सकाळी कापडानं पुसायचे, बस.”

मग वायर काढून तिनं सगळ्या स्क्रूंवर डाळिंबी नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडला. ही तिची नेहमीची रीत. हवा आत जात नाही, आणि मागाहून कुणी हात लावला तर थेंब तडकतो, लगेच कळतं.

* * *

मामाला गेटाशेजारी चादरीवर पालथा ठेवला होता. योगिता खाली बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर सदरा ओला. मोहाच्या दारूचा वास भपकन नाकात गेला.

“बाटली इथंच सापडली,” हवालदार धोडी म्हणाले. ते लिहीत होते. माणूस वयस्कर, तलासरीकडचाच, योगिताला नावानं ओळखणारा. “बाय, गेट तू दुरुस्त केलं होतंस?”

“हो.”

“मग थांबलं कसं नाही?”

उत्तर पीयूषनं दिलं.

“हवालदारसाहेब, सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर आहेत. हा प्यायलेला. रुळावर आडवा झाला असणार. आडव्या माणसाच्या वरून किरण जातो, गेटला कळणार कसं? बघा, सेन्सर चालू आहेत.” त्यानं रुळावर पाय ठेवला, बटण दाबलं. गेट हललं आणि गपकन थांबलं.

“मामा पीत नाही,” योगिता म्हणाली. “सात वर्षं झाली.”

“अगं, सणाचा दिवस. घेतली असेल.”

ओटीवर गोविंदराव खुर्चीत बसले होते. मांडीवर रिमोट. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ झालेले, ते नुसते आवाजाच्या दिशेनं बघत होते. “काळ्या, काळ्या, सणासुदीला प्यालास कशाला रे गाढवा?” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

धोडींनी वही मिटली. “व्हिसेराचा रिपोर्ट यायला महिने जातील. तोवर तू गेटची तपासणी करून लेखी दे. यंत्रात दोष होता की नव्हता, ते.”

योगिता काय ते समजली. दोष नव्हता असं लिहिलं, तर मामा दारू पिऊन मेला. दोष होता असं लिहिलं, तर तो तिच्या हातानं मेला. तिसरी वाट कुठं दिसत नव्हती, आणि रडायलाही सवड नव्हती.

* * *

वेवजीला मामाचं सगळं आटोपलं. जमनामामी दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती योगिताच्या पुढ्यात येऊन बसली.

“बाटली मी भरून दिली होती.”

“मामी!”

“ऐक तर. देवासाठी दिली. वाघदेवाला धार नको का? शुक्रवारी आला होता, नारळ घेतला, शेंदूर घेतला. म्हटलं, सणाला घरीच ये. तर म्हणे, वाडीचा देव उपाशी ठेवू का?” मामीनं पदर डोळ्यांना लावला. “अख्खा गाव कुजबुजतोय, काळ्या शेवटी प्यालाच. योगे, तो पीत नव्हता गं. माझ्या गळ्याची शपथ घेतली होती त्यानं. मी मरेपर्यंत हे ऐकत बसू का?”

“वाडीचा देव कुठं आहे, मामी?”

“मागच्या कुंपणापाशी, वडाखाली. दरसाल तिथंच पुजतो.”

मागच्या वडाखाली पूजा करणारा माणूस वाघबारशीच्या सकाळी पुढच्या गेटपाशी काय करत होता?

तेवढ्यात पीयूषचा फोन आला. उद्या पाहुणे येणार होते, गेट उघडं पडलं होतं. “मी कुणाला हात लावू दिला नाही. पोलिसांना काय ते लिहून दे आणि गेट चालू कर बाई.”

“येते,” योगिता म्हणाली.

* * *

लक्ष्मीपूजनाची सकाळ. दारोदार रांगोळ्या. वाडीत मात्र कुणी पणतीसुद्धा लावली नव्हती.

पेटीची किल्ली दोघांकडे असायची. एक योगिताकडे, एक मामाच्या करगोट्याला. तिनं आपल्या किल्लीनं पेटी उघडली. मोटर ठीक. जोर ठरवणाऱ्या बटणावरची खूण जागेवर. मग तिनं टॉर्च मारून स्क्रू बघितले. सगळ्यांवर डाळिंबी थेंब शाबूत होते. दोन सोडून. त्या दोघांवरचे थेंब तडकून गेले होते, आणि ते स्क्रू डोळ्यांचे होते.

कुणीतरी गेटाला आंधळं केलं होतं. आणि कुणीतरी पुन्हा डोळस करून ठेवलं होतं.

ती रुळाकडे वळली. खांबाच्या पायथ्याशी सिमेंट पाण्यानं धुतलेलं दिसत होतं. तरी रुळाच्या खाचेत लाल मुंग्यांची रांग लागली होती. तिनं काडीनं उकरलं. नारळाच्या शेंडीचे दोन तंतू निघाले.

मग तिनं गेटची कड बघितली. गेट बंद झालं की ही कड खांबाच्या खोबणीत लपते, म्हणून कुणाच्या नजरेस पडत नाही. कडेवरच्या काळ्या रबरावर शेंदरी डाग होता. तेलात कालवलेला शेंदूर, पाण्यानं जात नाही. डाग नव्हे, पंजा होता. डाव्या हाताचा. अंगठा खाली घसरलेला, कुणीतरी येणारं गेट तळहातानं रेटावं तसा.

योगितानं टेप काढून उंची मोजली. जमिनीपासून अडीच फूट.

मग मात्र तिला रडू कोसळलं. त्या पंजावर आपला हात ठेवून ती तिथंच बसून राहिली.

“योगिता, पाणी देऊ का?” पीयूषची बायको विनिता तांब्या घेऊन आली होती.

“वहिनी, इथं कुणी धुतलं?”

“यांनीच. त्या दिवशी. म्हणाले, डाग राहायला नकोत.”

“पोलीस यायच्या आधी की नंतर?”

विनिता तांब्याकडे बघत राहिली. “आधी,” ती हळूच म्हणाली आणि घाईघाईनं आत गेली.

योगिता मामाच्या खोलीकडे गेली. दारामागं खुंटी होती आणि खुंटीवर मामाची काठी. काठी हातात घेऊन ती ओटीवर आली.

“कोण?” गोविंदरावांनी मान वळवली.

“मी योगिता, शेट. एक विचारू? सकाळी गेट कोण बंद करतं?”

“मी.” म्हाताऱ्याचा हात रिमोटवर गेला. “डोळे गेल्यापासून एवढंच काम उरलंय मला. काळ्या म्हणाला होता, शेट, बटण तुमच्याकडेच राहू द्या. दूधवाला गेला की तो खांबावर काठीचे तीन ठोके द्यायचा. मग मी दाबायचो.”

“त्या दिवशी ठोके आले?”

“आले ना. तीन. तिसरा जरा बसका आला. म्हटलं, काठी दवात भिजली असेल. दाबलं.” ते थांबले. “पीयूष म्हणतो, ठोके दिले आणि तिथंच आडवा झाला. सत्तर वर्षांचा गाढव. तळ्यात पोहायला मला त्यानं शिकवलं, माहीत आहे? आणि असा मेला.”

योगितानं काठीवरून बोट फिरवलं. काठी कोरडी, तिच्यावर जुनी धूळ. कोडं सुटलं होतं, आणि ते कुणापुढं सोडवावं लागणार हेही दिसत होतं. तिनं धोडींना फोन लावला.

* * *

ओटीवर पाच जण होते. खुर्चीत गोविंदराव, खांबाला टेकून पीयूष, दारात विनिता, बाकावर धोडी, आणि योगिता उभी.

“हवालदारकाका, तुम्ही लिहून घ्या,” ती म्हणाली. “पण आधी एक सांगा. मामाच्या अंगावर काय काय मिळालं?”

धोडींनी वही चाळली. “रुमाल. कलम बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. बस.”

“करगोट्याला किल्ली?”

“नव्हती.”

“ती कुठं गेली, ते कळेलच. सदऱ्याला दारू कुठं लागली होती?”

“पाठीला.”

“पिणाऱ्याच्या तोंडून दारू सांडली तर छातीवर सांडेल ना, काका? पाठीवर कशी? माणूस पालथा पडल्यावर कुणी वरून ओतली तरच.”

पीयूष सरळ उभा राहिला. “काय बोलतेस तू?”

“सगळं बोलते, शेट. शेवटपर्यंत ऐका. मामा आडवा झालाच नव्हता. गेटच्या कडेला त्याच्या डाव्या हाताचा शेंदराचा पंजा आहे, जमिनीपासून अडीच फुटांवर. आडव्या माणसाचा हात रेटायला तिथं पोचत नाही. तो उकिडवा बसला होता. त्यानं गेट हातानं अडवायचा प्रयत्न केला.”

धोडी उठून गेटपाशी जाऊन आले. “पंजा आहे,” ते म्हणाले.

“सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर. त्यांच्यासमोर उकिडवा बसलेला माणूस त्यांना दिसलाच पाहिजे. तरी गेट थांबलं नाही. म्हणजे तेव्हा डोळे बंद होते. पेटीत डोळ्यांच्या दोन स्क्रूंवरचं माझं नेलपॉलिश तडकलंय. तिथं वायर होती. तुम्ही आलात तेव्हा नव्हती. मधल्या वेळात ज्यानं ती काढली, त्याला पेटीची किल्ली लागली. माझी माझ्यापाशी वेवजीला होती. दुसरी मामाच्या कमरेला.”

“पण शेंदूर कशाला?” धोडींनी विचारलं. “इथं देव कुठं आहे?”

“दरसाल तो मागच्या वडाखाली पूजा करायचा. यंदा खांबाशीही केली. रुळात नारळाची शेंडी आहे, नारळपाण्याला मुंग्या लागल्यात. दूधवाला गेला, गेट उघडं होतं. मामा खांबाशी बसला, शेंदूर लावला, धार सोडली. बहिरा कान गेटाकडे, आणि गेटाचा आवाज मी ग्रीस भरून घालवलेला. गेट ठोक्यांशिवाय सरकत नाही हे त्याला माहीत. काठी तर त्यानं आणलीच नव्हती, ती खोलीत खुंटीवर आहे. मग त्यानं नारळ फोडायला घेतला. खांबाच्या दगडावर. एक. दोन. तिसऱ्याला फुटला.”

गोविंदरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“बसका ठोका,” ते म्हणाले.

“हो, शेट.”

“तो नारळ होता?”

योगिताला हो म्हणवेना. तिनं नुसती मान हलवली, मग लक्षात आलं की त्यांना ते दिसणार नाही. “हो,” ती म्हणाली. “तुम्ही रोजच्यासारखं बटण दाबलंत. तुमची यात चूक नाही.”

म्हाताऱ्यानं रिमोट मांडीवरून उचलला, चाचपडत बाकावर ठेवला आणि हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला.

“पीयूष,” ते म्हणाले. “तुला ठाऊक होतं?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पीयूषनं इतका वेळ आवळून धरलेला जबडा एकदम सुटला.

“बाबा, मी किंकाळी ऐकून धावलो. तुमच्या हातात रिमोट. समोर काळ्या. शेंदूर, नारळ, सगळं बघितलं आणि कळलं काय झालं ते. पेटी उघडली तर आत वायर. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्यानं मारला. पोलीस म्हणाले असते, घरवाल्यांनी सेन्सर बंद ठेवला. तुम्ही हे घेऊन जगला नसता, बाबा!”

“म्हणून तुम्ही वायर काढलीत,” धोडी लिहीत म्हणाले. “किल्ली घेतलीत. पूजा धुतलीत.”

“हो.”

“आणि दारू?”

पीयूषनं मान खाली घातली. “बाटलीत बरीच होती. ओतली.”

“चार दिवस,” गोविंदराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “चार दिवस मी त्याला शिव्या देतोय. दारू पिऊन मेलास म्हणून. माझा सोबती मेला आणि मी त्याला रडलोसुद्धा नाही, पीयूष. तू मला रडूसुद्धा दिलं नाहीस.” आणि ते रडू लागले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. विनितानं पुढं होऊन त्यांचा खांदा धरला.

धोडींनी वहीचं पान उलटलं. “आता शेवटचं. सेन्सर बंद करणारी वायर कुणी घातली? पीयूषशेट, पाहुण्यांची खोटी नको म्हणून तुम्हीच ना?”

“नाही! देवाशपथ नाही! मी फक्त काढली.”

“आता कोण विश्वास ठेवेल तुमच्यावर?” धोडी म्हणाले, आणि खरंच कुणी ठेवला नाही. योगितानंही नाही. त्या दिवशी तो शेजारीच उभा होता, त्यानं बघितलंच असणार.

विनिता आत गेली आणि बाहेर आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. “यांच्या पँटच्या खिशात मिळाली,” ती म्हणाली. “धुवायला घेतली तेव्हा. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

वायर वीतभर होती. दोन तुकडे जोडून केलेली. योगितानं ती तळहातावर घेतली आणि जोड उजेडाकडे धरला.

जोडावर चिकटपट्टी नव्हती. कलम बांधायची प्लॅस्टिकची पट्टी होती. डावीकडून सुरू झालेले तीन घट्ट वेढे, टोक आत खोचलेलं. पाऊस लागला, वारं लागलं, तरी न सुटणारं. या वाडीतल्या प्रत्येक चिकूवर ती बांधणी होती. लहानपणी तिच्या फुटलेल्या पाटीची चौकटही मामानं तशीच बांधली होती.

“काय झालं, बाय?” धोडींनी विचारलं.

ती पीयूषकडे वळली. “शेट, मी दुरुस्ती करून गेल्यावर तुम्ही मामाला काही बोललात? गेटवरून?”

पीयूषनं ओठ चावला. “रोज सकाळी अडायचं. पुसलं की पाच मिनिटांत पुन्हा दव. म्हटलं त्याला, तुझ्या भाचीचं काम कच्चं आहे. दिवाळीनंतर वापीहून माणूस बोलावतो.”

“मग?”

“मग तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून गेट व्यवस्थित बंद व्हायला लागलं. मीच म्हणालो, बघ, सुधारलं. तर हसला. म्हणाला, मी सांगितलं होतं ना, माझ्या योगिताच्या हातात जादू आहे.”

योगिता ओटीच्या पायरीवर बसली. पूजा गेटपाशी का, तेही आता सांगायला नको होतं. त्याच्या भाचीच्या कामाला कुणाची नजर लागू नये म्हणून यंदा मामानं देवाला वडाखालून गेटपाशी बोलावलं होतं.

धोडींनी वायर बघितली, तिच्याकडे बघितलं. पेन थांबवलं. हलक्या आवाजात म्हणाले, “हे लिहायलाच पाहिजे असं नाही, बाय. पीयूषशेटनं घातली असं सगळे मानतातच आहेत.”

मोह झाला. खोटं का बोला? चांगलाच झाला. पीयूषनं मेलेल्या माणसावर आळ घातला होता, त्याच्यावर एक आळ आला तर काय बिघडलं? तिनं वर बघितलं. पीयूष तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत तिनं चार दिवस आरशात बघितलेली भीती होती.

“लिहा, काका,” ती म्हणाली. “वायर काळ्यामामानं घातली. कशी घालायची ते मी दाखवलं होतं. घालू नको म्हणून सांगितलं होतं, पण का नको ते नीट सांगितलं नाही. गेटच्या दुरुस्तीत दोष नव्हता. दव पडतं तिथं नुसतं फडकं देऊन मी निघून गेले, हा माझा दोष. आणि लिहा, मामा दारू प्यालेला नव्हता. हे मोठ्या अक्षरात लिहा.”

धोडींनी लिहिलं. मग पीयूषला म्हणाले, “चला.” पीयूष वडिलांच्या पाया पडायला वाकला. गोविंदरावांनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही वर केला नाही.

जाण्यापूर्वी योगितानं गेट मोटरपासून सोडवलं आणि हातानं ढकलून बंद केलं. शेंदराचा पंजा खोबणीत गेला.

वेवजीला पोचली तेव्हा जमनामामी अंगणात भात वाळवत होती. योगितानं स्कूटी लावली. मामीनं विचारलं नाही, नुसतं बघितलं.

“प्याला नव्हता, मामी. धोडीकाकांनी लिहून घेतलंय.”

मामीनं डोळे मिटले. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. बराच वेळ तिनं हातातला भात पसरला नाही. “मग गेटपाशी काय करत होता गं तो?”

योगिताच्या खिशात वायर नव्हती, ती पोलिसांनी नेली होती. पण कलमपट्टीचे ते तीन वेढे तिला अजून तळहातावर लागत होते.

“माझं गेट नीट चालावं म्हणून देवाला नारळ देत होता,” ती म्हणाली, आणि मामीच्या मांडीवर डोकं ठेवून, चार दिवस राहून गेलेलं सगळं रडली.